सोलापूरचं मूळ नाव काय, उस्मानाबादचं धाराशिव कसं झालं : गावांच्या जुन्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच एक सांगून टाकतो. इथे कुठल्या नावाला पाठिंबा, कुठल्या नावाला विरोध, असं काही नाहीये. कुठलं नाव कधी, कोणी आणि कशावर लिहिलं ते बघायचं. वाद घालायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेतच की.

सोलापूर म्हणजे सोळा गावं मिळून झालेलं शहर, हे खरं का?

शाळेत सगळ्यांना हेच सांगितलेलं असतं, आणि अगदी हवेतली गोष्ट पण नाही. जुन्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या सरकारी माहितीपुस्तकात, सोळा वस्त्यांची यादीच दिलीय : आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर, शेखपूर, राणापूर, काळजापूर, जामदारवाडी, सोनापूर वगैरे. काळजापूर मारुती म्हटलं की आजही रिक्षावाला बरोबर सोडतो, म्हणजे वस्त्या खऱ्या होत्या, त्यात शंका नाही.

घोळ पुढे आहे. यादी नीट वाचली तर त्या सोळामध्ये खुद्द सोलापूर पण आहे आणि सोनलगी पण आहे. सोळा गावं मिळून सोलापूर झालं तर सोलापूर त्या सोळात आधीच कसं काय? आणि दुसरं म्हणजे आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर ही नावं बघा, ती बहमनी-आदिलशाहीच्या काळातली वाटतात की नाही, आणि आपलं गाव तर त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या वेळीच नावारूपाला आलेलं होतं. त्यामुळे सोळा वस्त्या होत्या हे मान्य, पण त्यावरून नाव पडलं हे काही जुळत नाही. नाव आधीचं, हिशोब नंतर बसवलेला.

मग मूळ नाव काय?

लेखी पुराव्यात मागे जाता येतं ते सोन्नलगीपर्यंत. सोन्नलिगे, सोन्नलगे, सोन्नलगी, लिहिणाऱ्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे. कानडी वचन साहित्यात आपले सिद्धरामेश्वर 'सोन्नलिगेचे सिद्धराम' म्हणूनच ओळखले जातात, आणि यादवांच्या काळाच्या शेवटापर्यंत हेच नाव चालू होतं. आजूबाजूची गावं बघा, होटगी, मैंदर्गी, सोन्नलगी, एकाच घरातली वाटतात ना.

त्यानंतरचा पुरावा मोहोळ तालुक्यात कामतीला आहे. तिथल्या संस्कृत शिलालेखात, शके 1238 म्हणजे इसवी सन 1316, गावाचं नाव 'सोनलीपूर' असं येतं. त्यापुढे आपल्या भुईकोट किल्ल्यातल्या एका लेखात 'सोनलपूर', आणि किल्ल्यातल्याच विहिरीवरच्या लेखात 'संदलपूर'. आता हे सगळं ओळीने लावा : सोन्नलगी, सोनलीपूर, सोनलपूर, आणि मधला 'न' गळाला की सोलापूर. कुठल्या राजाने फर्मान काढलं नाही, कुठे ठराव झाला नाही, बोलता बोलता नाव झिजत गेलं एवढंच. मला तरी सोळा गावांच्या गोष्टीपेक्षा हे जास्त पटतं, कारण प्रत्येक पायरीला दगडावर कोरलेलं काहीतरी आहे.

संदलपूर मात्र त्या सोळा वस्त्यांच्या यादीत पण आहे हां, तेव्हा ते सगळ्या शहराचं नाव होतं की एका भागाचं, यावर किल्ल्यासमोर चहा पीत कितीही वेळ बोलता येईल.

शोलापूर कुठून आलं?

साहेबांकडून. इंग्रजांनी सोलापूरचं शोलापूर केलं आणि तेच जिल्ह्याच्या, गिरणीच्या, कचेरीच्या कागदावर गेलं. 1877 सालची आपली जुनी मिल, तिचं कंपनीचं नाव शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला तो इंग्रजी कागदात शोलापूर मार्शल लॉ. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली, ते खटलेही शोलापूरचे.

गंमत म्हणजे नाव बदलूनही कागदात ते मरत नाही. ही मिल सरकारने ताब्यात घेतली तेव्हा 1950 मध्ये खास कायदा झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, त्यामुळे आजही देशातल्या कुठल्याही लॉ कॉलेजात मूलभूत हक्क शिकवताना शोलापूरचं नाव निघतं. शिकणाऱ्या पोराला माहीत पण नसतं की हे आपलं चादरीचं गाव आहे.

मग सोलापूरचं नाव परत सोन्नलगी करावं का?

करा म्हणणारे आहेत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर नको. धाराशिवचं कसं होतं की ते नाव लोकांच्या तोंडात जिवंत होतं. सोन्नलगी आज जत्रेच्या भाषणात किंवा अभ्यासकांच्या लेखात येतं, कोणी 'सोन्नलगीला निघालोय' म्हणत नाही. आणि सोलापूर हे त्याच नावाचं आजचं रूप आहे, बदलायला दुसरं काही आहेच कुठे. सिद्धेश्वर मंदिरात, किल्ल्यात, स्टेशनवर जुन्या नावांची मोठी पाटी लावली असती तर बरं झालं असतं, त्यासाठी कुणाची मंजुरी पण लागली नसती.

पंढरपूरचं जुनं नाव पंडरगे होतं म्हणतात, पुरावा आहे का?

आहे. होयसळ राजा सोमेश्वराच्या 1237 च्या शिलालेखात भीमेकाठचं हे गाव 'पंडरगे' म्हणून येतं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या आधीची गोष्ट. त्याच्याही मागे 516 सालचा एक ताम्रपट आहे, त्यात 'पांडुरंगपल्ली' असं गाव येतं आणि काही अभ्यासक ते पंढरपूरच मानतात, काही मानत नाहीत. वारकऱ्यांना विचाराल तर ते पंढरी म्हणतात आणि तेवढंच पुरतं.

औरंगजेबाने सोलापूर जिल्ह्यात कुठल्या गावाचं नाव बदललं होतं का?

हो, आणि हे फार कमी लोकांना माहितीये. मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठावर माचणूर आहे ना, सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना लागतं, सिद्धेश्वराचं मंदिर थेट नदीच्या घाटावर, आत शिरताना वाकावं लागतं असं. त्याला लागूनच ब्रह्मपुरी. 1695 ते 1699 अशी साडेचार वर्षाच्या आसपास औरंगजेबाची छावणी इथे होती. हिंदुस्तानचा बादशहा, दरबार, वजीर, तोफखाना, हत्ती, बाजार, सगळं आपल्या मंगळवेढा तालुक्यात! दिल्लीचा कारभार इथून चालायचा. आणि त्याने ब्रह्मपुरीचं नाव ठेवलं 'इस्लामपुरी'. त्या काळच्या फारसी कागदात तसंच येतं.

आज तिथे जाऊन इस्लामपुरी कुठे म्हणून विचारा, कोणी सांगणार नाही. एसटीची पाटी, ग्रामपंचायत, सातबारा, सगळीकडे ब्रह्मपुरी. छावणी उठली आणि नाव पण उठलं.

माचणूरची अजून एक दंतकथा सांगतात, बादशहाने देवाला मांसाचं ताट पाठवलं, वरचं कापड काढलं तर फुलं निघाली, म्हणून मासनूर आणि मग माचणूर. दंतकथा आहे, पण गावात ऐकायला मजा येते, आणि सांगणारा प्रत्येक जण थोडी वाढवून सांगतो.

बादशहाने ठेवलेली नावं काही टिकली, काही गेली, असं का?

हा माझा आवडता प्रश्न आहे. यादी बघा. पुण्याला मुहियाबाद नाव दिलं होतं, औरंगजेबाचा नातू तिथे वारला म्हणून. सातारा 1700 मध्ये घेतला तेव्हा आझमतारा, शहजादा आझमच्या नावाने. नाशिकला मोगलांनी गुलशनाबाद म्हटलं. ब्रह्मपुरीचं वर सांगितलंच. ही सगळी पुसली. आणि औरंगाबाद मात्र साडेतीनशे वर्षांपेक्षा जास्त टिकलं.

कारण साधं आहे. सातारा, पुणे इथे काही वर्षांत आणि नाशिकला बऱ्याच उशिराने मराठ्यांचा अंमल बसला, आणि वसुलीच्या वह्या लिहिणारा कारकून जुनंच नाव लिहीत राहिला. औरंगाबादला तसं झालंच नाही, मोगलांनंतर निजाम आला आणि 1948 पर्यंत तोच होता, त्यामुळे सनद, महसूल, टपाल, शाळा, रेल्वे, पिढ्यान् पिढ्या कागदावर एकच नाव. नाव टिकतं ते रोजच्या कागदात बसलं तर. नुसतं जाहीर करून काही होत नसतं, मग तो बादशहा का असेना.

छत्रपती संभाजीनगरचं सगळ्यात मूळ नाव कोणतं?

खडकी. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास तिथे शहर वसवलं, नहरींचं पाणी आणलं. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, फतेहनगर केलं. मग 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा औरंगाबाद. संभाजीनगर हे नाव जाहीर सभेतून पुढे आलं 1988 मध्ये, आणि सरकारी शिक्का बसायला 2023 उजाडलं. म्हणजे मूळ नाव, जुनं नाव, आधीचं नाव असे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. भांडणारे बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

जवळच्या देवगिरीचं मात्र सरळ आहे. यादवांचं देवगिरी, मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी आणली आणि दौलताबाद केलं.

धाराशिव हे नवीन नाव आहे का? आमच्या ऑफिसात एक जण तसं म्हणतो.

त्याला सांगा उस्मानाबाद नवीन होतं. हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान, 1911 ला गादीवर आला, त्याच्या नावाने उस्मानाबाद. त्याच्या आधी गाव धाराशिवच होतं, गावाजवळच्या लेण्यांना तर कायम धाराशिव लेणीच म्हणत आलेत. सोलापूरच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून धाराशिव कधी गेलंच नव्हतं, विशेषतः बार्शीकडच्या. 'धाराशिवची सोयरीक' म्हणायचे, उस्मानाबादची सोयरीक नाही.

अजून एक गंमत, हा जिल्हा आधी नळदुर्ग जिल्हा होता! आपण हैदराबाद रोडने जाताना ज्या नळदुर्गला पाणी महाल बघायला थांबतो, ते एकेकाळी जिल्ह्याचं ठिकाण. नंतर कचेरी धाराशिवला हलली आणि नळदुर्ग मागे पडलं.

याच जिल्ह्यातलं तेर पण विसरू नका. गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात 'तगर' नावाची पैठणच्या पूर्वेची मोठी बाजारपेठ येते, ते हेच तेर मानतात, आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात रोमन धाटणीच्या वस्तू बघायला मिळतात. पैठणही त्याच पुस्तकात आहे, मूळचं प्रतिष्ठान. कधी गेला तर हस्तिदंताची छोटी बाई बघितल्याशिवाय येऊ नका, वीतभर पण नाही, पण केसांची घडण, अंगावरचे दागिने सगळं कोरलेलं. तगरचा व्यापार म्हणजे काय ते तिच्याकडे बघून कळतं.

अहिल्यानगरचं मूळ नाव काय होतं मग?

इथे लोक जबरदस्तीने काहीतरी पौराणिक नाव शोधून काढतात. सरळ गोष्ट ही की अहमद निजामशहाने 1490 च्या सुमारास भिंगारजवळ शहर नव्याने वसवलं, म्हणून अहमदनगर. भिंगार जुनं, आणि ते आजही भिंगार म्हणूनच शेजारी आहे. 2024 मध्ये जे अहिल्यानगर झालं ते जुन्या नावाकडे परत जाणं नाही, नवीन गौरवाचं नाव आहे, कारण अहिल्यादेवींचा जन्म त्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. दोन्ही प्रकार चालतात, फक्त 'मूळ नाव परत दिलं' असं प्रत्येक ठिकाणी लिहू नका एवढंच. आपल्या सोलापूर विद्यापीठाचंही तसंच, 2004 ला स्थापना, 2019 ला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ.

विजापूर म्हणायचं की विजयपुरा?

कर्नाटक सरकारने 1 नोव्हेंबर 2014 ला एका फटक्यात बारा शहरांची नावं बदलली. बंगळूर, म्हैसूर, बेळगाव, हुबळी, बेल्लारी, शिमोगा, त्यातच बिजापूरचं विजयपुरा आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी. आता बघा, मराठीत आपण बिजापूर कधी म्हटलंच नाही. विजयपूरचं विजापूर झालं ते मराठीतच होतं, 'ब' वालं रूप फारसी-इंग्रजीतलं. त्यामुळे सोलापुरात विजापूर वेस, विजापूर रोड, विजापूर नाका हे सगळं जसंच्या तसं आहे आणि कोणाची तक्रार पण नाही. तिकीट काढताना मात्र विजयपुरा टाका. स्टेशनचा कोड अजून जुन्या इंग्रजी नावावरून बीजेपी आहे, त्यावरचे विनोद सोलापूर-गदग लाइनवर फार जुने झाले.

गुलबर्ग्याचं जरा वेगळं. कलबुर्गी हे कानडी लोकांचं जुनंच नाव. मधे 1347 पासून बहमनींनी राजधानी केली तेव्हा नाण्यांवर 'अहसनाबाद' यायचं. ते नाणं गेलं, नाव गेलं. बिदरचं मुहम्मदाबाद पण तसंच.

हैदराबादचं भाग्यनगर?

आपल्याकडे पूर्व भागात तेलुगू घरं भरपूर, त्यामुळे हा प्रश्न येतोच. शहर 1591 चं, मुहम्मद कुली कुतुबशहाने वसवलेलं. सतराव्या शतकातल्या फ्रेंच प्रवाशांनी 'बागनगर' असं लिहून ठेवलंय, ते भागमतीवरून (कुली कुतुबशहाची प्रेयसी म्हणून जिची गोष्ट सांगतात ती) की बागांवरून यावर इतिहासकारांचं आजवर जमलेलं नाही. कुतुबशाही नाण्यांवर हैदराबाद आहे. म्हणजे दोन्ही नावं त्या काळात वापरात होती, एक सरकारी आणि एक बोलीतलं, असं म्हणायला हरकत नाही.

मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट, यांचं काय?

मंगळवेढा फार जुनं, जुन्या लेखात मंगळिवेडे वगैरे येतं, कलचुरींची राजधानी कल्याणला जायच्या आधी इथे होती. बसवेश्वरांनी कलचुरी राजा बिज्जळाकडे नोकरी सुरू केली ती इथेच असं मानतात. दामाजीपंतांमुळे नाव घराघरात गेलं ते नंतर. बार्शीबद्दल सांगतात की अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रतावरून, म्हणजे बारस वरून बार्शी, भगवंताच्या मंदिराशी जोडलेली कथा आहे. अक्कलकोटला स्वामीभक्त प्रज्ञापुरी म्हणतात, ते भक्तीतलं नाव, महसुलातलं नाही. अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं, लष्कराची छावणी होती तिथे. लातूरचं लट्टलूर, राष्ट्रकूट स्वतःला त्या गावचे स्वामी म्हणवून घ्यायचे. नांदेड नंदितट, वाशिम वत्सगुल्म, कराड करहाटक. पुणे तर 758 आणि 768 च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्य, पुनक असं येतंय.

नाव बदलतं कोण? मुख्यमंत्री जाहीर करतात म्हणजे झालं का?

नाही हो. शहराचं, गावाचं किंवा स्टेशनचं नाव असेल तर राज्याचा प्रस्ताव केंद्राच्या गृह मंत्रालयाकडे जातो. तिथे 1953 पासूनचे नियम आहेत. रेल्वे, पोस्ट आणि सर्व्हे ऑफ इंडिया यांना विचारतात, त्याच नावाचं दुसरं गाव आहे का, गोंधळ होईल का. त्यांची हरकत नसली की मंजुरी, मग राज्य राजपत्रात छापतं. राज्याचंच नाव बदलायचं तर संसद लागते.

जिल्हा आणि तालुका ही महसुली रचना, तो अधिकार राज्याचा, जमीन महसूल संहिता 1966 प्रमाणे. म्हणूनच 2023 मध्ये लोक गोंधळले होते, फेब्रुवारीत केंद्राने औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांना मंजुरी दिली तेव्हा शहर संभाजीनगर पण जिल्हा औरंगाबादच, आणि मग सप्टेंबरमध्ये जिल्हा, तालुका, विभाग यांची वेगळी अधिसूचना निघाली. हायकोर्टात याचिका झाल्या, त्या मे 2024 मध्ये फेटाळल्या. नुसत्या घोषणेपासून मोजायचं तर जून 2022 च्या कॅबिनेटपासून धरा. राज्याने पूर्वी पण असं केलंय, कुलाबा जिल्ह्याचा रायगड 1981 मध्ये झाला तेव्हा आज एवढा आवाज झाला नव्हता.

धाराशिवचा जन्म आहे, दाखल्यावर उस्मानाबाद. आधार, पासपोर्ट सगळं बदलायला लागेल का?

घाबरून लगेच सेतूच्या लाइनीत उभे राहू नका. जुना दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवशीचं नाव त्यावर असणारच, तो बाद होत नाही. नवीन कागद निघेल तो नवीन नावाने निघेल. भानगड होते ती एकाच अर्जात दोन कागद वेगळे दिसले की, समोरचा कारकून अडतो. अशा वेळी राजपत्रातल्या अधिसूचनेची प्रिंट सोबत ठेवा, निम्मे वाद तिथेच मिटतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये जिल्ह्याच्या यादीत नवीन नाव दिसत नसेल तर जुनं शोधा, दोन्हीपैकी एक असतंच. आणि जुने कागद फेकू नका, जमिनीच्या कामात पन्नास वर्षांनीही तेच लागतात.

स्टेशनांचं जरा मागून होतं. शहर 2023 ला बदललं, पण धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर या स्टेशनांची नावं बदलायला 2025 लागलं. तिकिटाच्या अ‍ॅपवर काहीच सापडेना तर दोन्ही नावं टाकून बघा.

मुंबई झालं तरी बॉम्बे हायकोर्ट का?

कारण संस्थेचं नाव आणि शहराचं नाव वेगळ्या कायद्याने चालतं. मुंबई 1995, चेन्नई 1996, कोलकाता 2001, पण मद्रास हायकोर्ट आणि आयआयटी बॉम्बे तशीच आहेत.

बाहेरच्या देशातही असं होतं का?

भरपूर. रशियात सेंट पीटर्सबर्गचं 1914 ला पेत्रोग्राद, 1924 ला लेनिनग्राद, 1991 ला परत सेंट पीटर्सबर्ग, एकाच माणसाच्या आयुष्यात गावाचं नाव तीनदा बदललं. कझाकस्तानने राजधानी अस्तानाचं 2019 ला नूर-सुलतान केलं आणि 2022 ला पुन्हा अस्ताना. पाकिस्तानात लायलपूरचं फैसलाबाद झालं. न्यूयॉर्क 1664 पर्यंत न्यू अ‍ॅमस्टरडॅम होतं. एवढं पुरे, आपण आपल्या गावात परत येऊ.

सोलापुरातल्या चौकांची आणि तलावांची नावं बदलली तरी लोक जुनंच का म्हणतात?

कंबर तलाव म्हटलं की कळतं, पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव आहे. पाच्छा पेठ म्हणजे पादशहाची पेठ, पण आता कोणाला बादशहा आठवत नाही, पेठ आठवते. स्टेडियमला इंदिरा गांधींचं नाव आहे, आपण पार्कवर मॅच बघायला जातो. यात कुणाचा अपमान वगैरे काही नसतो, पत्ता सांगायचा असतो. नवं नाव रुळायला हवं असेल तर ते सिटी बसच्या पाटीवर आणि कंडक्टरच्या तोंडात यायला हवं, चौकातल्या संगमरवरी कोनशिलेवर लिहून ते चालत नाही.

फॉरवर्डमध्ये आलेलं जुनं नाव खरं की खोटं कसं ओळखायचं?

मी आधी एकच बघतो, लिहिलंय कुठे. दगड, तांब्याचा पत्रा, नाणं, सनद, जुना दस्त, प्रवाशाचं वर्णन, यातलं काही असेल आणि साल असेल तर पुढे वाचतो. 'पुराणकाळी अमुक राजाची नगरी' एवढंच असेल तर ती कथा म्हणून ठेवतो, पुरावा म्हणून नाही. कथेला पण किंमत आहे, पण ती वेगळ्या कप्प्यात.

दुसरं, नाव आजच्या अर्थात फारच चपखल बसत असेल तर सावध व्हा. सोळा गावं म्हणून सोलापूर हे ऐकायला इतकं सोपं आहे की कोणी प्रश्नच विचारत नाही. आणि तिसरं, आपल्या भागात एकट्या मराठीने नावाचा उलगडा होईलच असं नाही. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या पट्ट्यात गावांची नावं कानडीतून उलगडतात. हत्तरसंग-कुडल घ्या, भीमा-सीनेचा संगम, आणि कूडल म्हणजे कानडीत संगमच. त्याच कुडलच्या मंदिरात शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख सापडला, सगळ्यात जुन्या मराठी लेखांपैकी एक. गावाचं नाव कानडी आणि देवळात मराठी लेख, आपला जिल्हा असाच आहे पहिल्यापासून.

माझ्या गावाचं जुनं नाव शोधायचंय, सुरुवात कुठून करू?

घरातून. जुने खरेदीखत, इनामाचे कागद, लग्नपत्रिका, आजोबांचा शाळेचा दाखला, जे काय ट्रंकेत असेल ते काढा. मग गावातल्या देवळाभोवती फिरा, पायरीला उलटा बसवलेला किंवा पारावर शेंदूर फासलेला लेखाचा दगड बऱ्याच गावात असतो, त्याचा सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं नीट उठतात. खडूने, कोळशाने घासू नका, प्लीज. 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर ऑनलाइन फुकट मिळतं, त्यात गावांची नोंद बघा, स्पेलिंग विचित्र असतं म्हणून तीन-चार प्रकारे शोधा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या नोंदी मोडीत असतात, त्या वाचून देणारे लोक आता प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्याच्याही मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, पेशवे दप्तर तिथेच आहे. आणि गाव निजामाच्या हद्दीला लागून असेल तर फारसी-उर्दू कागद पण लागतील, त्यासाठी वाचणारा माणूस आधी शोधून ठेवा, कागद नंतर.